हॉर्नचे पैसे वेगळे

गाडी विकायची आणि हॉर्नचे पैसे वेगळे मागायचे, असला धंदा मी साठ वर्षांत पहिल्यांदा पाहिला तो एका व्हिडिओ गेममध्ये. मी स्वतः बस ड्रायव्हर. एकतीस वर्षं घाटकोपर ते अंधेरी. हॉर्न वाजत नसेल तर गाडी डेपोच्या फाटकाबाहेर काढायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. आणि इथे कोण कुठली परदेशातली कंपनी मला सांगते, बस घ्या, आरसे घ्या, दरवाजे घ्या, हॉर्न हवा असेल तर इथे दाबा आणि कार्डाचा नंबर टाका. अरे हट्! मी शेवटपर्यंत हॉर्नशिवाय चालवली. तोंडाने वाजवला, पण पैसे दिले नाहीत.

गेम मुलीने आणला होता. रिटायर झाल्यावर मी तळमजल्यावरच्या आमच्या दारात खुर्ची टाकून बसायचो आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला अक्कल शिकवायचो. बायको म्हणाली, एक दिवस मार खाल. मुलगी अंधेरीला एका ऑफिसात कामाला आहे, तिने माझ्या वाढदिवसाला बस चालवायचा हा गेम आणला, वर टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायची पेडलं. मी आधी नाक मुरडलं. म्हटलं, आयुष्यभर खरी चालवली, आता खेळण्यातली चालवू? पण बसलो एकदा. क्लचवर पाय गेला आणि काय सांगू, पोटऱ्यांना ओळख पटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाकी पँट काढून घालणार होतो, बायको हसेल म्हणून राहिलं.

त्या गेममध्ये बाहेरदेशीची शहरं होती. चकाचक रस्ते, लेनमध्ये चालणाऱ्या गाड्या, एकही माणूस मध्ये येत नाही. दोन दिवसांत कंटाळलो. मग मुलीने दाखवलं की यात स्वतःचा रूट बांधता येतो. रस्ते आखायचे, वळणं द्यायची, दुकानं, झाडं, स्टॉप, सगळं आपलं आपण. तिथे माझी समाधी लागली. आठ महिने लागले मला. घाटकोपर स्टेशन, जागृतीनगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका, चकाला, अंधेरी, आणि मधले बारीकसारीक सगळे. असल्फाचा चढ मी चार वेळा मोडून परत बांधला, कारण सेकंड गिअरला गाडी जशी कण्हायची तशी कण्हत नव्हती. मेट्रोचे खांब घातले नाहीत. मी स्टिअरिंग धरलं तेव्हा ते नव्हते, आणि माझ्या रूटवर माझी मर्जी. स्टॉपच्या पाट्यांची मराठी अक्षरं मुलीने एकेक काढून दिली.

कंपनीचं मात्र रोज नवं काही. पाऊस हवा तर पैसे. पावसात वायपर हवे तर त्याचे आणखी पैसे. पैसेही सरळ घेत नाहीत, आधी त्यांची नाणी विकत घ्यायची, मग त्या नाण्यांनी वायपर, आणि नाणी नेमकी अशा गठ्ठ्याने विकणार की थोडी उरलीच पाहिजेत. एक दिवस साकीनाक्याच्या माझ्या पाटीवर कसल्याशा थंड पेयाची जाहिरात आली. मी हाताने बांधलेला स्टॉप, माझ्या पोरीने काढलेली अक्षरं, त्यावर यांची बाटली! मुलगी म्हणाली, बाबा, सुरुवातीला आपण 'मान्य' दाबलं होतं ना, त्यात लिहिलेलं असणार. आपण म्हणजे तिने. मी युनियनचा माणूस, वाचल्याशिवाय मी डेपोत चहाच्या वहीवरसुद्धा सही केली नाही. तिला तसं बोललो, जरा जास्तच बोललो. ती रुसली दोन दिवस.

तर हे असं चाललं असतं. मी शिव्या घातल्या असत्या, खेळलो असतो. पण मध्ये मास्तरचं झालं.

मास्तर म्हणजे माझा कंडक्टर. आमच्यात कंडक्टरला मास्तर म्हणतात. अठरा वर्षं आम्ही एका गाडीवर होतो, मी पुढे, तो मागे. तो मालवणकडचा, मी बुलडाण्याकडचा बौद्ध, पण बारा तास एका गाडीत काढले की गाव बिव काही राहत नाही. राहतो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तोंडाचा एवढा फटकळ की उतारू त्याला घाबरायचे आणि त्याच्याच गाडीसाठी थांबायचे. रिटायर झाल्यावर सव्वा वर्षाने त्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. कळायचं सगळं. डोळ्यांत दिसायचं की शब्द आत आहे, पण बाहेर येईना. पाणी मागता येईना. गणपतीत मात्र आरती सुरू झाली आणि हा पठ्ठ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खणखणीत म्हणाला. संपली की पुन्हा मुका. आम्ही सगळे येड्यासारखे बघत राहिलो. वाचेचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं, जे हजारदा ओळीने म्हटलंय ते सवयीने निघतं. आपल्या मनाचं बोलणं वेगळं, त्याला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही.

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, बाकी कशाचं काही नव्हतं. त्याचं खाणं, धुणं, औषधं, सगळं ती हसून करायची. एकदाच आमच्या स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ बोलली. म्हणाली, आरती म्हणतो, एक ते शंभर म्हणतो, पण मला हाक मारत नाही. चौतीस वर्षं हा माणूस घरात शिरताना तिला 'अगो' म्हणून हाक मारायचा. आमच्याशी मुंबईचं मराठी, घरात मालवणी. तेवढी एक हाक तिला हवी होती.

ती त्याला रोज दुपारी आमच्याकडे घेऊन यायची. तळमजला असल्याने जमायचं. तो दिवाणावर बसायचा, मी स्टिअरिंगवर. एक दिवस मी घाटकोपरहून गाडी काढली आणि असल्फाला थांबवली. दरवाजे उघडले. आणि मी थांबून राहिलो, कारण मागून घंटी नाही. ही माझी खोड आहे. नवीन असताना एकदा मी दोन घंट्यांची वाट न बघता गाडी सोडली होती आणि एक म्हातारी फूटबोर्डावरून पडली. वाचली बिचारी, पण मनगट मोडलं. त्या दिवसापासून कंडक्टरने दोन घंट्या दिल्याशिवाय माझा पाय क्लचवरून उठला नाही. गेममध्ये कंडक्टर नव्हताच. मी मनातल्या मनात दोन मोजायचो आणि निघायचो. त्या दिवशी मोजायच्या आधी मागे टण्ण आवाज झाला. मास्तरने डाव्या हाताने चहाच्या स्टीलच्या पेल्यावर चमचा मारला होता. मग त्याचं तोंड हललं, मान ताठ झाली, आणि तो म्हणाला, "असल्फा." मग दोनदा टण्ण टण्ण.

मी गाडी सोडली. काय करणार दुसरं? डोळ्यांतून पाणी येत होतं तरी साकीनाक्याचा सिग्नल मी बरोबर पाळला.

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता आमची फेरी. नियम एकच, मास्तरने स्टॉप पुकारल्याशिवाय गाडी हलणार नाही. कधी चार मिनिटं लागायची, कधी वीस. गेममधले प्रवासी चिडायचे, त्यांच्या डोक्यावर लाल तोंडं उगवायची, माझे मार्क कापले जायचे. कंपनीने त्यावर उपायही सुचवला, इतकी नाणी भरा, प्रवासी शांत बसतील. मी म्हटलं, बोंबलू देत. एकतीस वर्षं खरे उतारू बोंबलत होते, ही तर चित्रं. महिन्याभरात मास्तर साकीनाक्यापर्यंत पोचला, दुसऱ्या महिन्यात मरोळ नाक्याला. वाचेच्या बाईंना दाखवलं, त्यांनी मोबाईलवर शूटिंग केलं आणि म्हणाल्या, हे सोडू नका, एकेक शब्द सवयीतून सुटून मोकळा होतो कधीकधी. एकदा तर घरी जाताना नळाजवळ पाणी साचलेलं बघून तो 'साकीनाका' म्हणाला. वहिनी हसून हसून बेजार. साकीनाक्याला आमच्या काळात पावसात तळं व्हायचं.

आणि मग कंपनीची नोटीस आली. गेम सुरू केला की आधी तीच समोर. सहा आठवड्यांनी हा गेम बंद. भाग दुसरा येतोय, तो नव्याने विकत घ्यावा. जुने रूट नव्या भागात आणता येणार नाहीत.

मी मुलीला म्हटलं, बंद म्हणजे काय? गेम तर आपल्या घरात आहे, डबा बघ कपाटावर. तिने समजावलं की डबा आपल्याकडे असला तरी दर वेळी गेम कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारतो, सुरू होऊ का? तो कॉम्प्युटरच बंद करणार. मी कोणाशी शर्यत लावत नव्हतो, कोणाबरोबर खेळत नव्हतो. माझ्या घरात, माझ्या रूटवर, मी आणि मास्तर. त्याला परदेशातून परवानगी कशाला? माझ्या भाच्याची खारदांड्यातली एक मैत्रीण आहे, कोळ्यांची पोर, ती हे ऐकून म्हणाली, काका, आमची आई पापलेट विकते, पण विकलेलं पापलेट ताटातून परत उचलून नेत नाही. मला फार पटलं ते. मी ते वाक्य पुढे सगळीकडे वापरलं.

गेम खेळणाऱ्यांची एक जागा असते इंटरनेटवर, तिथे मुलीने मला दाखवलं. जगभरची पोरं नुसती पेटली होती. कोणी म्हणे आम्ही पूर्ण किंमत मोजलीय, कोणी म्हणे बंद करायचाच तर आमच्या कॉम्प्युटरवर तरी चालू द्या, जाता जाता एवढी सोय करून जा. काही तर प्रोग्रामवाले होते, म्हणत होते, हे करायला कंपनीला थोडंच काम आहे, पण मग दुसरा भाग कोण घेईल? मी इतकी वर्षं समजत होतो की ही पोरं रिकामटेकडी, दिवसभर ठो ठो करतात. तसं काही नाही. गेटवर उभं राहून हक्काचं मागणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांचा आवाज मला कळतो. मी मुलीला सांगून तिथे आमचा स्टॉपचा किस्सा लिहिला. शेकडो उत्तरं आली. ब्राझीलच्या एका बाईने विचारलं, मास्तर आज कुठल्या स्टॉपवर आहे? मग रोज कोणी ना कोणी विचारायचं.

कंपनीलाही लिहिलं. सरळ लिहिलं, विनवणी नाही. माझा माणूस चकाल्याला अडकलाय, त्याला अंधेरीला पोचू द्या, मग खुशाल कुलूप लावा. नाहीतर हा एक रूट माझ्या कॉम्प्युटरवर चालेल असं करून द्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एवढ्या लवकर की कोणी वाचलंच नसणार. आमच्या प्रवासात सोबत केल्याबद्दल धन्यवाद, आणि भाग दुसऱ्यासाठी वीस नाणी भेट. मी मुलीला म्हटलं, परत कर ती नाणी. ती म्हणाली, बाबा, परत करायचं बटण नाहीये. घेतलंच पाहिजे असं दान मी पहिल्यांदा बघितलं.

मुलीने अख्ख्या रूटचं शूटिंग करून ठेवलं, टीव्हीवर लावून दाखवलं. छान होतं. पण व्हिडिओ थांबत नाही. असल्फा येतं आणि जातं. मास्तरचं तोंड उघडायच्या आत साकीनाका. तो गोंधळला, मग चिडला, मग चमचा खाली टाकला. बटणाने थांबवूनही बघितलं, पण चित्र थांबलेलं आणि गाडी उभी राहिलेली यातला फरक त्याला बरोबर कळत होता. इंजिन धडधडत पाहिजे, दरवाजे उघडे पाहिजेत, ड्रायव्हर त्याच्यासाठी अडलेला पाहिजे. खऱ्या बसनेही नेलं एकदा. चढवायलाच तिघं लागले, आणि ती गाडी कोणासाठी थांबणार? तिला टाइम पाळायचा आहे.

शेवटचा दिवस गुरुवार होता. आमच्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचला गेम बंद होणार होता. आम्ही तीनलाच बसलो. मुलीने रजा टाकली होती. मास्तरला सगळं कळत होतं, सदरा इस्त्रीचा घालून आला होता. मी म्हटलं, मास्तर, आज अंधेरी. त्याने मान हलवली आणि पेल्यावर दोन घंट्या मारल्या.

घाटकोपर झकास. जागृतीनगर, असल्फा, जसा काही आजारच नव्हता. साकीनाक्याला सहा मिनिटं. मरोळ नाक्याला जरा जास्त, पण निघाला शब्द. चकाल्याला मी गाडी लावली तेव्हा पाच वाजायला दहा कमी होते. दरवाजे उघडले. प्रवासी चढले, उतरले, लाल तोंडं उगवली. मास्तरने एक घंटी दिली होती, थांबल्याची. त्याचे ओठ हलत होते. च म्हणायला जायचा आणि हवा निघायची. पाच वाजले. सव्वापाच. आतल्या खोलीत वहिनी आणि माझी बायको चहा टाकत होत्या. मुलगी माझ्या कानाशी आली आणि हळू म्हणाली, "बाबा, पुढे घ्या ना. अंधेरी ते म्हणतील कदाचित. आठ मिनिटं राहिलीत."

मला कळत होतं. चकाला सोडलं असतं तर दहा मिनिटांच्या आत अंधेरी आलं असतं, निदान स्टेशनचं वळण दिसलं असतं. कोणीही शहाण्या माणसाने गाडी सोडली असती. माझा पाय उठला नाही. घंटी झाली नव्हती. मागे मास्तर उभा आहे आणि त्याने सोडलेली नाही, अशी गाडी मी कशी हलवू? मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो, आणि साडेपाचला स्क्रीन काळी झाली. मध्ये पांढऱ्या अक्षरात, कंपनीशी संपर्क होऊ शकत नाही. चढ, वळणं, पाट्या, आठ महिने, सगळं गेलं. मी आयुष्यात डेपो मॅनेजरला दिल्या नाहीत अशा शिव्या दिल्या. मुलगी रडायला लागली.

मागे चमचा खाली पडल्याचा आवाज आला. मी वळलो. मास्तर आमच्याकडे बघतच नव्हता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

"अगो," तो म्हणाला.

आत काहीतरी पडलं. वहिनी दारात आली, हाताला चहाची पूड.

"अगो, हय ये. बघ." त्याने डाव्या हाताने काळ्या स्क्रीनकडे बोट केलं. शब्द एकेक करून येत होते, पण येत होते. "बंद केल्यानी."

मी मुलीचा दंड धरला, तिने हूं की चूं करू नये म्हणून. वहिनीला सगळं माहीत होतं. नोटीस, तारीख, साडेपाच, सगळं. तरी तिने विचारलं, "काय बंद केल्यानी?"

"गाडी." त्याने श्वास घेतला. "आमची गाडी."

"कोणी?"

यावर त्याला बराच वेळ लागला. आम्ही कोणी हललो नाही.

"कंपनीन," तो म्हणाला.

वहिनी त्याच्या पायाशी फरशीवर बसली. पदराने तोंड पुसलं, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाली, "माका सगळा सांग."